बोलतं करणारी बाई

केस पुसत न्हाणीघरातून बाहेर येताना पद्माताईंनी जावयाचा आवाज ऐकला आणि पहिल्या क्षणी त्यांना चक्क अभिमान वाटला. जावई घरात नव्हता. लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून फोनवरचा आवाज येत होता. यशश्रीनं स्पीकर चालू ठेवला होता. कुणाल हळूहळू, एकेक शब्द नीट मांडत बोलत होता. ‘‘तू म्हणालीस, घरात पाऊल टाकलं की तुला गुदमरल्यासारखं होतं. बरोबर? तू म्हणालीस, मी काहीच करत नाही हेच तुला जास्त लागतं. बरोबर? तू म्हणालीस, आपल्याला वेड लागत चाललंय की काय असं तुला वाटतं. बरोबर?’’ प्रत्येक ‘बरोबर’नंतर तो थांबत होता, जितकं थांबायला हवं तितकंच. काय सुरेख थांबतो हा पोरगा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. कारण ते थांबणं त्यांचं होतं. ते ‘बरोबर?’ही त्यांचंच. तालुक्यातालुक्याच्या केंद्रांत नवरे आपल्या बायकांचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं परत म्हणून दाखवतात आणि शेवटी ‘बराबर?’ असं विचारतात, ती पद्धत पद्माताईंनी सावली गावातल्या एका खोलीत बसून काढली होती, आणि पुढे सरकारनं ती उचलली होती. आता ती आपल्याच घरात, दाराच्या फटीतून ऐकू येतेय म्हटल्यावर कुणाही माणसाला बरं वाटेल. मग टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी सहज आत पाहिलं. यशश्री पलंगाच्या काठावर बसली होती, फोन मांडीवर, आणि एका हाताच्या नखानं दुसऱ्या हाताच्या अंगठ्याची कातडी सोलत होती. नखाच्या मुळाशी रक्त आलं होतं. तिला त्याचा पत्ताच नव्हता. ‘‘बरोबर,’’ ती म्हणाली, वर्गात हजेरी द्यावी तशी.

पद्माताई स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. आधण ठेवलं की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. खालच्या मजल्यावरच्या ट्यूशन क्लासमधून रविवारची पोरं पाढे म्हणावेत तसं रसायनशास्त्र म्हणत होती, बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, आणि बडोद्याच्या कारेलीबागेतली ही सकाळ इतर कुठल्याही सकाळीसारखी चालली होती. मुलगी आराम करायला आलीय, असं त्यांनी समोरच्या हंसाबेनना सांगितलं होतं. स्वतःलाही तेच सांगितलं होतं. बॅग जरा मोठी होती, हिवाळ्यातलेही कपडे होते, पण ते त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आयुष्यभर परक्या बायकांच्या बॅगा बघून त्या एका नजरेत सांगत की ही परत जाणार, ही नाही जाणार. कार्यकर्त्या थक्क होत. आपल्या लेकीची बॅग मात्र त्यांनी उचलून कपाटावर ठेवली आणि शाक काय करू विचारलं. आणि कुणालविषयी मनावर घ्यायचं तरी काय? वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो माणसांना शिकवायच्या खात्यात होता, आणि कारखान्यानंच त्याला पद्माताईंच्या शिबिराला पाठवलं होतं. बाकीचे पुरुष पाठीमागच्या रांगेत फोन चाळत बसलेले, हा पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर तळवे उघडे ठेवून. ‘‘मॅडम, माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत द्यायचं, आपला शब्द घालायचा नाही, असंच ना?’’ त्यांनीच त्याला घरी चहाला बोलावलं होतं. त्यांनीच. यशश्री तेव्हा शाळेत शिकवत होती, हसताना मान मागे टाकायची. पद्माताईंचे यजमान विश्राम तेव्हा होते. रेल्वेतून रिटायर झालेला तो अबोल माणूस त्या संध्याकाळी पाहुणा गेल्यावर एवढंच म्हणाला होता, ‘‘मुलगा ऐकतो फार.’’ पद्माताई हसल्या होत्या. तुम्हांला ऐकणाऱ्या पुरुषाचीसुद्धा धास्ती वाटते म्हणजे कमालच झाली, असं काहीतरी त्या म्हणाल्या होत्या. विश्रामनी वर्तमानपत्र उचललं होतं. पुढे तेही गेले, आणि त्या वाक्याचा अर्थ विचारायचा राहून गेला.

त्यांच्या माहेरी बायका बोलत नसत. गायकवाडी फौजेत घोडा बाळगणाऱ्यांचं घर. घोडा गेला, फौज गेली, पण दिवाणखान्यात पुरुष असले की बाईनं उंबरठ्याच्या आत राहायचं हा रिवाज काही गेला नाही. आईला, कमळाबाईला, वडिलांशी, भास्कररावांशी, काही बोलायचं असलं तर ती आतून बांगड्या वाजवी. एकदा वाजल्या म्हणजे जेवण तयार, जोरात वाजल्या म्हणजे पाहुण्यांना आता निरोप द्या. वडील कधीमधी उठत, बहुतेक वेळा उठत नसत. एकदा आई बराच वेळ बांगड्या वाजवत राहिली, आणि भास्कररावांचं कुणातरी प्रतापरावांशी शिकारीचं बोलणं रंगलेलं होतं, आणि आत धाकट्याला आचके येत होते. धाकटा वाचला, पण छोट्या पद्माच्या कानात तो आवाज बसला तो बसलाच. माणूस तोंडानं का बोलत नाही? युनिव्हर्सिटीत समाजकार्य शिकताना, खेड्यापाड्यांतून फिरताना, सावलीला दूध डेअरीच्या मागे भाड्याची खोली घेऊन ‘ओटलो’, म्हणजे ओटा, नावाची संस्था सुरू करताना, त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बाईला बोलतं करायचं. एकदा ती बोलली की पुढचं सगळं आपोआप होईल, असं त्या वयात वाटतं. आणि बायका बोलायच्याही हो! पण त्या बोलत असताना सासरा दीर मामा सगळे एकदम बोलायचे, आणि गलका थांबल्यावर नवरा निर्विकारपणे म्हणायचा, ही तर काही बोललीच नाही. असंच एकदा झालं आणि पद्माताईंचा पारा चढला. सगळ्यांना त्यांनी शेतरंजीवर खाली बसवलं, म्हाताऱ्याचीसुद्धा खुर्ची काढून घेतली, आणि नवऱ्याला म्हणाल्या, ती काय म्हणाली ते तू म्हण. त्याला येईना. बाईला परत बोलायला लावलं. परत त्याला येईना. शेवटी तो, घोगऱ्या आवाजात, शब्द तोंडात दगडासारखे फिरवत म्हणाला, ‘‘ही म्हणते की मी हिला ढोरासारखं मारतो.’’ आणि ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्याबरोबर तो रडायला लागला. ओक्साबोक्शी. मग सासू रडली, मग बाई रडली, मग पद्माताईही रडल्या. तो माणूस खरंच सुधारला. त्यात खोटं काही नव्हतं. त्या एका माणसाच्या रडण्यावर त्यांनी आपलं अख्खं आयुष्य उभं केलं.

आणि काय भराभर उभं राहिलं ते. पोलीस स्टेशनात तक्रार घेत नव्हते, कोर्टात वर्षं जात होती, आणि इकडे शेतरंजीवर एका बैठकीत निकाल लागत होता. सरकारला असलं काहीतरी हवंच असतं. गांधीनगरहून अधिकारी आले, दिल्लीहून आले, नंतर गोरे लोकही आले आणि मांडी घालता येईना म्हणून भिंतीला टेकून बसले. ‘बडोदा पद्धत’ हे नाव कुणी दिलं कोण जाणे. पद्माताईंनी नाही दिलं, पण नाकारलंही नाही. त्या राज्याच्या समितीवर गेल्या, मग समितीच्या अध्यक्ष झाल्या, मग धोरण आलं आणि त्यात त्यांची वाक्यं जशीच्या तशी आली. तालुक्यातालुक्यात केंद्रं उघडली, प्रत्येक केंद्रात शेतरंजी, आणि भिंतीवर फलक: पहेलां सांभळो, पछी बोलो. आधी ऐका, मग बोला. नव्या पोरींना शिकवताना त्या सांगत, बाईचा शब्द नवऱ्याच्या तोंडात घाला, तो त्याच्या पोटात उतरतो. टाळ्या पडत. हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी म्हटलं होतं की ते आपोआप यायचं, जीभ नुसती हलवायची. पोटात उतरून त्याचं पुढे काय होतं, ते विचारायला कुणी हात वर केला नव्हता.

नाही, एकीनं केला होता. चहा उतू गेला आणि गॅस विझला, तेव्हा पद्माताईंना रमीला आठवली; म्हणजे ती आठवतच होती, सकाळपासून, दाराच्या फटीत नजर गेली तेव्हापासून ती आत कुठेतरी उभी होती आणि पद्माताई तिला बस म्हणत नव्हत्या. सावलीचीच रमीला. तिची बैठक चांगली झाली होती, शिबिरांतून तिची गोष्ट सांगत असत. बैठकीत ती म्हणाली होती की दाराच्या कडीचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. नवऱ्यानं ते वाक्य नीट म्हटलं, ‘बराबर?’ विचारलं, समेट झाला म्हणून गोळधाणे, म्हणजे गूळ आणि धणे, वाटले गेले आणि ती नांदायला गेली. कितीतरी वर्षांनी महिला दिनाच्या कार्यक्रमात पद्माताईंना हार घालायला तिलाच आणलं होतं, सुखी संसाराचा नमुना म्हणून. कार्यक्रमाआधी मागच्या नळावर दोघी हात धुवायला एकत्र आल्या. रमीला पाण्याकडे बघत म्हणाली, ‘‘बेन, तमे एने बोलतां शिखवाड्युं.’’ त्याला बोलायला तुम्ही शिकवलंत, हे पद्माताईंना कौतुकच वाटलं. त्या ‘अरे, तो स्वतःच शिकला’ अशासारखं काही म्हणणार होत्या. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, ‘‘पहेलां खाली मारतो हतो. हवे मारा ज शब्दो बोली बोलीने मारे छे.’’ आधी नुसता मारायचा, आता माझेच शब्द म्हणत म्हणत मारतो. रोज संध्याकाळी तो बाहेर उभा राहून कडी वाजवतो. आत न येता नुसती वाजवत राहतो. मग दारातूनच हळू आवाजात विचारतो, ‘गोळो आव्यो? बराबर?’ हे सांगून रमीलानं पदराला हात पुसले, मंचावर गेली आणि हार घातला. हार जड होता. तिनं तो नीट सरळसुद्धा केला.

पद्माताईंनी काय केलं? केलं नाही असं नाही. ऑफिसात येऊन रसिकाला, त्यांच्या जुन्या सहकारिणीला, सांगितलं. रसिका म्हणाली, ताई, ती बाई आधीपासूनच जरा तशीच आहे, हजारांत एखादी केस अशी निघणारच, आणि आत्ता धोरणाचा मसुदा विधानसभेसमोर आहे, आत्ता हे उकरून काढलं तर ज्यांना ही केंद्रं नकोच आहेत त्यांच्या हातात कोलीत. रसिकाचं चुकलं नव्हतं. ज्यांना नको होती असे खूप होते. मग पद्माताईंनी मसुद्यात एक वाक्य वाढवलं की बैठकीनंतर गृहभेटी घ्याव्यात. ‘घ्याव्यात’ होतं, ‘घेतल्याच पाहिजेत’ नव्हतं. प्रत्येक केस वेगळी असते, असंही त्या तेव्हापासून भाषणात म्हणू लागल्या. चांगलं वाक्य होतं. त्यात सगळं मावत होतं. रमीला त्यात मावली.

त्या चहा घेऊन खोलीत गेल्या तेव्हा फोन पालथा पडला होता आणि यशश्री खिडकीशी उभी होती. लहान असताना ती बोलायला लागली की थांबायची नाही. रिक्षात, जेवताना, अंघोळ करताना दारामागून. विश्राम तेव्हाही नुसते हुं म्हणायचे. आता तिचा चेहरा पुसून ठेवल्यासारखा दिसत होता.

‘‘काय म्हणत होता?’’ पद्माताईंनी विचारलं.

‘‘काही नाही. तो म्हणत नाही गं काही. ऐकतो.’’

‘‘मग चांगलंच आहे की.’’ हे त्यांनी म्हटलं आणि लगेच त्यांना स्वतःचाच राग आला.

‘‘हो ना. चांगलंच आहे. हात लावत नाही, पीत नाही, दुसरी बाई नाही, मागणं नाही. तुझ्या केंद्रात आले तर मला कुठल्या रकान्यात बसवशील?’’ ती हसली, पण मान मागे गेली नाही. ‘‘मी जे जे सांगते ना आई, ते तो सगळं लक्षात ठेवतो. मी म्हटलं होतं, मुलांना शिकवताना मला कधीकधी आपण मूर्ख आहोत असं वाटतं. तर रोज डबा हातात देताना, इतक्या प्रेमानं: तू म्हणालीस तुला मूर्ख वाटतं, आजही वाटेल का? बरोबर? शेवटी शाळा सोडलीच मी. मग म्हणाला, निर्णय तुझा आहे.’’

कुणाल म्हणजे रमीलाचा नवरा नव्हे, असं त्यांनी ताबडतोब मनाला बजावलं. शिकलेला मुलगा, आपल्या हाताखाली शिकलेला. कदाचित पोरीनंच फार लावून घेतलं असेल. प्रत्येक केस, असं मन म्हणायला लागलं आणि त्यांनी त्याला तिथंच थांबवलं.

‘‘तो येतोय आत्ता. बाबांना घेऊन,’’ यशश्री म्हणाली. सासऱ्यांना ती बाबा म्हणायची. ‘‘आईसमोर बसू म्हणाला. तुझ्या पद्धतीनं. आणि मला पण तेच हवंय. तू समोर असलीस ना की मी सगळं बोलू शकेन. एकदाच, शेवटपर्यंत. आजवर तुझ्यासमोर मी कधी बसले नाही. सगळ्या जगाच्या बायका बसल्या.’’ तिनं चहाचा घोट घेतला. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी आल्यासारखं वाटलं. आशाच होती ती, दुसरं काय. पद्माताईंनी तिचा हात धरला, अंगठ्यावरचं रक्त आपल्या पदरानं टिपलं, आणि म्हणाल्या, ‘‘मी आहे ना.’’ तेव्हा त्यांना खरोखर वाटत होतं की आपण आहोत. बैठक आपल्या हातात असेल, कुठे थांबवायचं ते आपल्याला कळतं, असल्या छप्पन्न बैठका निभावल्यात. वाटणं आणि असणं यांत अंतर असतं हे दुसऱ्यांना सांगण्यात त्यांची हयात गेली होती.

कुणाल भाकरवडीचा पुडा घेऊन आला. त्याचे वडील तुकोजीराव मागून जिना चढून धापा टाकत आले. रिफायनरीतून निवृत्त झालेला सज्जन म्हातारा, गुडघे गेलेले, तरी विहिणीच्या घरी शेतरंजीवरच बसायचा हट्ट. ‘‘बेसो बेसो, खुर्ची नको विहीणबाई. तुमच्याकडे खुर्चीवर बसलो तर पाप लागेल. आज सगळं तुमच्याच पद्धतीनं होऊ द्या. आमचा कुणाल तर तुमचाच चेला.’’ कुणाल वाकून पाया पडला. इस्त्रीचा शर्ट, बायकोकडे पाहून हलकंसं हसणं, त्यात दोष काढायला सुईएवढी जागा नाही. ‘‘आई, यशश्रीला काय होतंय ते मला समजून घ्यायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘तिचा शब्द तिच्याच शब्दांत.’’ चौघं शेतरंजीवर बसले. खाली रसायनशास्त्र संपून गणित सुरू झालं होतं. पद्माताईंनी सवयीनं सुरुवात केली, बाई आधी बोलेल, मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि आपला आवाज त्यांना लांबून, कुठल्यातरी सभागृहातल्या लाउडस्पीकरवरून आल्यासारखा वाटला. यशश्रीनं पदर नीट केला, म्हणजे ओढणी, पण केला पदरासारखाच. आईकडे पाहिलं. पद्माताईंनी मान हलवली.

‘‘मला बोलायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, तुम्ही ऐका, तुम्हांला हे माहीत नाही. आई, तुलाही माहीत नाही. मला ना...’’ ती अडखळली. पण पाय रोवून उभं राहावं तशी ती त्या वाक्यात उभी राहत होती. ‘‘मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते, ते आज मी सांगणार आहे.’’

आणि पद्माताईंनी कुणालकडे पाहिलं. तो पुढे झुकला होता. गुडघ्यांवर तळवे उघडे. चेहऱ्यावर तीच मन लावून ऐकणाऱ्याची शांत, सुंदर मुद्रा, जिचे त्यांनी वर्गात दाखले दिले होते. फक्त ओठ हलत होते. अगदी किंचित. यशश्री म्हणत होती ते तो आतल्या आत म्हणत होता, पाठ करत होता, सगळ्यांत जास्त भीती, सगळ्यांत जास्त भीती, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत होता, पानावर बसलेल्या भुकेल्या माणसानं वाढणाऱ्या हाताकडे बघावं तशी. अजून एक वाक्य, आणि ते आयुष्यभर ह्याच्या हातात राहील. जेवणाबरोबर देईल, दिवा मालवताना देईल, तिला ताप आलेला असताना कपाळावर हात ठेवून देईल. पोरगी आपल्या हातानं आपल्या घराची किल्ली त्याला काढून देतेय, आणि ती किल्ली देण्याची जागा आपण बांधलीय.

‘‘बोलू नकोस!’’

ओरडल्याच त्या. खालचं गणितसुद्धा क्षणभर थांबल्यासारखं झालं. तुकोजीराव दचकून त्यांच्याकडे बघायला लागले. ‘‘अहो विहीणबाई, हे काय? बोलू तर द्या तिला. तुम्हीच ना...’’

‘‘नको. काही बोलू नकोस, यशू. गप्प बस.’’ त्यांना दुसरे शब्दच सापडेनात. त्यांना म्हणायचं होतं, ह्याच्यासमोर बोलू नकोस, ह्याचे ओठ बघ. पण तेही त्याच्यासमोरच म्हणावं लागणार होतं, आणि तेही तो घेणार होता, नीट घडी घालून ठेवणार होता. माहेर भास्कररावांचं, ‘गप्प बस’ हे किती सहज तोंडात आलं.

यशश्री त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. लहान मूल धावत येतं आणि दार बंद असतं, तेव्हा आधी रडत नाही, बघतंच. मग हळूहळू तिला काहीतरी समजलं, आणि जे समजलं ते पूर्ण चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे पद्माताईंना दिसत होतं, आणि करता काही येत नव्हतं.

‘‘आई म्हणतात, बोलू नकोस,’’ कुणाल मृदूपणे म्हणाला. थांबला, जितकं थांबायला हवं तितकंच. ‘‘बरोबर, आई?’’

यशश्री उठली. पद्माताई तिच्यामागोमाग खोलीत गेल्या, दार लावून घेतलं, तिचे खांदे धरले. ‘‘यशू, ऐक, मी का म्हटलं ते तुला कळलं नाही. तू सांगशील ते तो वापरेल गं. जिथं दुखतं सांगशील तिथंच बोट ठेवेल. म्हणून मी थांबवलं. जाऊ नकोस तू. इथंच राहा.’’

यशश्रीनं कपाटावरची बॅग ओढली. ‘‘ते मला माहीतच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तेच तर मी सगळ्यांसमोर सांगणार होते. मला वाटलं, तुझ्यासमोर त्याला ते करता येणार नाही. तू ते ओळखशील, सांगशील की हे चूक आहे. पद्धतच चूक आहे, असं तू म्हणशील.’’ कपडे ती घडी न घालताच भरत होती. मग थांबली आणि आईकडे वळली. रागानं नव्हे; खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखी. ‘‘तुला ठाऊक होतं ना आई? असं होतं, हे तुला आधीपासून ठाऊक होतं? मग इतकी वर्षं तू काय करत होतीस?’’

एक शब्द पुरला असता. होतं. ठाऊक होतं मला. चूक झाली, पद्धतच चुकली, मी दारोदार जाऊन ते सांगेन, पण तू थांब. लेक थांबली असती. तिचा हात बॅगेच्या चेनवर होता आणि तो हलत नव्हता, ती थांबायला तयार होती, एका शब्दासाठी तिष्ठत उभी होती. पद्माताईंनी तोंड उघडलं. त्या शब्दामागे सावलीची ती खोली होती, गांधीनगर होतं, शेकडो शेतरंज्या, त्यांवरून उठून घरी गेलेल्या बायका, कोण जाणे किती रमीला, आणि तो एकटा माणूस, जो खरोखर रडला होता. सगळं एकदम खाली आलं असतं. जीभ हलली आणि तिच्यावर नेहमी असायचं तेच आलं.

‘‘प्रत्येक केस वेगळी असते, यशू.’’

‘‘बरं,’’ यशश्री म्हणाली आणि चेन ओढली.

बाहेर कुणालनं तिच्या हातातून बॅग घेतली. तुकोजीराव चप्पल घालताना पुटपुटले, झालं ते चांगलंच झालं, पोरांचं पोरं बघून घेतील. यशश्री खाली वाकून आईच्या पाया पडली, आणि पद्माताईंचा हात तिच्या केसांवर गेला, आणि आशीर्वादाचं काही तोंडातून निघालं की नाही हे त्यांना नंतर आठवेना. जिन्यावर पावलं वाजत खाली गेली. त्या बाल्कनीत आल्या. क्लास सुटला होता, पोरं सायकली काढत होती. कुणालनं पोरांना बाजूला सारून गाडी जवळ आणली, यशश्रीसाठी दार उघडलं, तिची ओढणी दारात अडकू नये म्हणून आत घेतली, आणि मग खिडकीशी वाकून तिला काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. गाडी नाक्यावरून वळली.

समोरच्या बाल्कनीत हंसाबेन कपडे वाळत घालत होत्या. ‘‘दीकरी गई, पद्माबेन?’’

‘‘हा. गई.’’

‘‘जमाई पोते लेवा आव्या! आवा समजु जमाई आजकाल क्यां मळे छे!’’

जावई स्वतः न्यायला आला, असा समजूतदार जावई हल्ली कुठे मिळतो, असं हंसाबेनचं म्हणणं. ‘‘हा,’’ पद्माताई म्हणाल्या, ‘‘बहु समजु छे,’’ आणि हंसाबेननी घरात मारलेल्या हाकेला त्यांची सून आतून ओ देईपर्यंत तिथंच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.